मदत हवी आहे: दुःखात असलेल्या काकूंना नाताळच्या कार्डात काय लिहू?

नमस्कार मंडळी, मी सांगलीची. मिरजेला आमच्या एक काकू आहेत, निवृत्त नर्स. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात त्यांची सगळी नोकरी झाली. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी ड्युटी संपल्यावरही त्या रात्रभर उशाशी बसून होत्या. तेव्हापासून दिवाळीचा फराळ आमच्याकडून मिरजेला आणि नाताळचा केक, करंज्या तिकडून सांगलीला, हे कधी चुकलं नाही.

यंदा श्रावणात काका गेले.

दरवर्षी मी कार्डावर 'नाताळच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिते. यावेळी पेन तिथेच अडलं. आपल्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत, त्यांच्यात तसं असतं का? शुभेच्छा लिहिल्या तर मनाला लागेल का? आणि कार्डच पाठवलं नाही, तर एकटीला विसरलो असं वाटेल. ते मला मुळीच नको आहे.

काकांचं नाव घालून त्यांची एखादी आठवण लिहावी असं वाटतं. दारात कागदी चांदणी तेच टांगायचे, आम्हा मुलांना खालून वायर धरायला लावायचे. वाचून काकू रडतील, पण बरंही वाटेल, असं माझं मन म्हणतं. बायबलमधलं वचन मी लिहिणं बरोबर दिसेल का?

इथल्या ख्रिस्ती बंधुभगिनींनी कृपया सांगा. मजकूर मराठीतच हवा, दोन-चार ओळी पुरेत. कार्ड २४ तारखेला मी स्वतः नेऊन देणार आहे.