मदत हवी आहे: मंगळावर प्रेशर सूटशिवाय, फक्त मास्क लावून फिरता येईल इतकी हवा आणायची कुठून?

नमस्कार मंडळी,

एक दीर्घ विज्ञानकथा लिहितेय. काळ तीनशे वर्षांनंतरचा, स्थळ अर्धामुर्धा राहण्याजोगा केलेला मंगळ. माणसं बाहेर पडताना गरम कपडे आणि ऑक्सिजनचा मास्क घालतात, प्रेशर सूट (अंगाभोवती हवेचा दाब टिकवणारा बंदिस्त पोशाख) नाही. सगळं कथानक यावरच उभं आहे, कारण नायिका भूगर्भशास्त्रज्ञ आहे आणि तिला उघड्या बोटांनी दगड चाचपायचा आहे. हिशेब बसल्याशिवाय मला पुढे लिहवत नाही, म्हणून कुठे अडलंय ते मांडते.

मंगळावर हवेचा सरासरी दाब जेमतेम 6 मिलिबार. साधारण 63 मिलिबारच्या खाली पाणी शरीराच्या तापमानालाच उकळतं, म्हणजे जिभेवरचा आणि डोळ्यांतला ओलावासुद्धा. बरं, 63 ओलांडले की भागतं असंही नाही. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन घेतला तरी फुप्फुसातली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळून शंभराहून जास्त मिलिबार खातात. अपोलोच्या चांद्रवीरांच्या सूटमध्ये सुमारे 255 मिलिबार शुद्ध ऑक्सिजन असायचा. म्हणून मी 250 धरलेत.

ध्रुवांवरचा बर्फ वितळवला की काम झालं, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण ब्रूस जकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये मंगळावरच्या कार्बन डायऑक्साइडचा ताळेबंद मांडला. सहज मोकळा करता येईल तो सगळा धरला तरी दाब 20 मिलिबारच्या आसपासच जातो.

‘चुंबकीय क्षेत्र नाही, आणलेली हवा उडून जाईल’ असं कृपया उत्तर देऊ नका. नासाच्या मेव्हन या मंगळयानाच्या मोजमापानुसार सौरवाऱ्यामुळे (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतामुळे) सेकंदाला साधारण 100 ग्रॅम वायू निसटतो, वर्षाला तीनेक हजार टन. 250 मिलिबारची हवा म्हणजे एकावर पंधरा शून्यं इतके टन. गळती शंभरपट वाढली तरी माझ्या पात्रांच्या शेकडो पिढ्यांना तिची झळ लागणार नाही. अवकाशातून येणाऱ्या किरणोत्साराचंही तसंच. गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे तेवढ्याच दाबाला डोक्यावर जास्त हवा लागते: 250 मिलिबारला दर चौरस मीटरवर पावणेसात टन. पृथ्वीवर ती दहा टन आहे. म्हणजे संरक्षण बऱ्यापैकी मिळतं. हे गणित सुटलं तेव्हा मला फार आनंद झाला.

खरी अडचण वायूच्या साठ्याची. 10 किलोमीटर व्यासाचा, पाण्याच्या निम्म्या घनतेचा धूमकेतू सुमारे 26 हजार कोटी टनांचा. तो अख्खा वायूच आहे असं मानलं तरी जवळपास 3,800 लागतील, आणि प्रत्यक्षात त्यात बरंचसं पाणी आणि धूळ, नायट्रोजन थोडाच. तीनशे वर्षांत वर्षाला बारा-तेरा धूमकेतू आदळत असताना खाली वस्ती कशी राहील?

म्हणून मी वस्ती हेलास या मंगळावरच्या खोल खोऱ्यात नेली. तळ सरासरी पातळीपेक्षा सात किलोमीटर खाली, आज तिथे दाब जवळपास दुप्पट. पण हवा गरम झाली आणि तिच्यात नायट्रोजन वाढला की ती वरवर फुगते, खोलीचा फायदा घटतो. माझ्या आकडेमोडीत शून्याच्या जरा खालच्या तापमानाला, नायट्रोजनप्रधान हवेत दाब फक्त 1.4 पट येतो. वातावरणशास्त्र शिकलेल्या कुणी हे तपासून द्याल का?

दुसरा पर्याय मंगळाच्या खडकांतला ऑक्सिजन. ऊर्जा अफाट लागेल, ती मी अणुसंलयनावर ढकलू शकते. पण मग 250 मिलिबार जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन झाला तर मास्कच नको! आणि आग? तेवढ्या दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये कापड, केस किती झटकन पेटतील? इथे मला निव्वळ अंदाज नको, या क्षेत्रात काम केलेल्याचं मत हवंय.

यानाबद्दल थोडक्यात. सतत 1 जी (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या) त्वरणाने मंगळ अगदी जवळ असताना दोन दिवसांत गाठता येतो, पण त्यासाठी वेगात एकूण सुमारे 1,750 किलोमीटर प्रतिसेकंदाचा बदल लागतो, म्हणून तो पर्याय मी सोडून दिला. शंभराव्या हिश्शाच्या त्वरणाने वीस दिवस लागतात. हजार टनांचं यान, इंजिनातून 100 किलोमीटर प्रतिसेकंदाने बाहेर पडणारा झोत, म्हणजे 5 गिगावॅट शक्ती. यातली दहा टक्के उष्णता जरी यानात शिरली तरी 1000 केल्विनला साडेचार हजार चौरस मीटरच्या, दोन्ही बाजूंनी उष्णता फेकणाऱ्या पाट्या लागतात. कथेत त्या दाखवणारच आहे. फक्त दहा टक्के धरणं योग्य की फारच उदार, एवढं सांगा.

सगळ्यात आधी हेलासचं उत्तर मिळालं तर बरं. त्यावर पहिली तीन प्रकरणं अडली आहेत.