मदत हवी आहे: ब्रेक पेडल कडक झालंय, बूस्टर बदलू का?

खडेबाजार_२२: गाडी जुनी आहे. ब्रेक दगडासारखा कडक झालाय, थांबवायला अक्षरशः उभं राहावं लागतं. दाबला की डॅशबोर्डखाली ‘स्स्स’ आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) गेला, नवा टाका. परवा चोर्ला घाटातून गोव्याला जायचंय, घरी बॅगा भरून झाल्यात. टाकू का बूस्टर? लवकर सांगा.

उद्यमबाग_फिटर: गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? आवाज दाबतानाच येतो की दाबून धरल्यावर येतच राहतो?

खडेबाजार_२२: इंडिका आहे. बाकीचं कशाला हवंय ओ, बूस्टर बूस्टरच असतो ना?

निपाणी_तंबाखू: मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देतो तो) गेलाय. डोळे झाकून सांगतो. आमच्या झेनला किट टाकलं, ब्रेक ऑइल बदललं, काम फत्ते. ऑइल कोण वेळेवर बदलतच नाही.

उद्यमबाग_फिटर: तुमच्या झेनचं पेडल कडक होतं की खाली जात होतं? मास्टर सिलिंडर आतून पास झाला, म्हणजे ऑइल आतल्याआत निसटायला लागलं, की पेडल हळूहळू तळाला जातं. लाईनमध्ये हवा असली तर स्पंजासारखं लागतं. यांचं कडक आहे, म्हणजे आधी व्हॅक्यूम बघायचा, बूस्टर त्या ओढीवरच चालतो.
@खडेबाजार, इंधन विचारलं त्याला कारण आहे. पेट्रोल गाडीत बूस्टरला ओढ इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून) मिळते. डिझेलला तशी ओढच नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप. इंडिका डिझेलमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. पंप, पाईप, व्हॉल्व्ह यातलं काहीही गेलं तरी पेडल कडकच होणार. नवा बूस्टर टाकून पैसे गेले आणि पेडल तसंच राहिलं, असं नको.

खडेबाजार_२२: डिझेल. आवाज दाबताना क्षणभरच.

उद्यमबाग_फिटर: क्षणभर असेल तर चालतं, बूस्टर हवा आत घेतो त्याचा तो आवाज. धरून ठेवल्यावरही येत राहिला तर पडदा किंवा आतला व्हॉल्व्ह फाटलाय.
आता गाडी सपाटीवर लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, कडक झालं की दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली बसायला हवं. मग इंजिन चालू असताना दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा, अर्धा मिनिट थांबा. पायाखालून पेडल वर आलं तर बूस्टरमध्ये किंवा त्याच्या वन-वे व्हॉल्व्हमध्ये गळती.

कॅम्प_गॅरेजकर: एवढं कशाला? व्हॅक्यूम गेज लावा. २० इंच (पाऱ्याचे) दाखवला नाही की लिकेज.

उद्यमबाग_फिटर: ते १८ ते २० चं गणित पेट्रोलचं, तेही समुद्रसपाटीचं. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, इथं दोनेक इंच कमीच दिसणार. निरोगी गाडी उघडून बसाल. शिवाय त्यांची डिझेल आहे.

चोर्ला_रायडर: तुम्ही उगाच घाबरूलाय. मी तर घाटात इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतरतो, डिझेल वाचतंय.

खानापूर_पाऊस: आणि ब्रेक? इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पुढच्या वळणावर यांच्यासारखंच कडक पेडल. त्यात पावसातला चोर्ला. दुसऱ्याला असले सल्ले देऊ नका.

चोर्ला_रायडर: आजवर काय झालं नाही.

माप्सा_वीकेंड: गोव्यात जुनी KA गाडी अडवतात का हो? पीयूसी लागतं ना?

खडेबाजार_२२: तो वेगळा धागा काढा ओ! केलं दोन्ही. स्टार्ट केल्यावर पेडल खाली बसलं, पण लगेच नाही. बंद करून धरलं तर वर आलं नाही. आणि हां, आयडलवर कडक असतो, रेस दिली की बरा होतो. हे आधीपासूनच आहे.

उद्यमबाग_फिटर: हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. बूस्टर व्हॅक्यूम धरतोय, त्याला हात लावू नका. ओढ कमी पोचतेय. इंजिन बंद करून बूस्टरकडचा पाईप काढा, आयडलवर आणून तोंडावर अंगठा ठेवा. मग बंद करून पंपाकडचं टोक सोडा, पंपाच्या निपलवर तसंच बघा. बाही वर दुमडा, बेल्ट शेजारीच फिरतो. दोन्हीकडे ओढ कमी तर पंप. पंपावर जोरात आणि बूस्टरपाशी मंद, तर मधला पाईप.

खडेबाजार_२२: पंपावर अंगठा निघेना! बूस्टरपाशी नुसतं चाटतंय. पाईप वाकवून बघितला, क्लॅम्पच्या खालीच चीर आहे. बाहेरून दिसत नव्हती, वाकवला की उघडते. आतून ऑइलनं फुगलाय पण. गॅरेजवाला म्हणतो इंधनाचा, डिझेल वाहतो तो पाईप आहे, तोच घालतो.

उद्यमबाग_फिटर: नको. तो आतला दाब सोसायला केलेला, ओढीनं चपटा होतो आणि गाडी तापली की ब्रेक परत कडक. जाड भिंतीचा, व्हॅक्यूमचाच मागा. आत ऑइलचा ओलसरपणा चालतो, पण अल्टरनेटरवरही ऑइल दिसलं तर पंपाचं सील बघून घ्या. घातल्यावर मघाच्या तपासण्या परत करा, मग बॅगा गाडीत.

निपाणी_तंबाखू: ब्रेक ऑइल तेवढं बदलूनच जावा.