चिंकाऱ्याचं पाडस कुत्र्यांच्या तावडीतून सुटलं, पण गाडी यायला तीन तास आहेत. तोवर काय करायचं?

फलोदीकर
राजस्थानातल्या फलोदीजवळच्या सोलर प्लँटवर आहे. कुंपणाच्या काटेरी तारेपाशी भटकी कुत्री चिंकाऱ्यांना कोंडीत पकडतात. वनखात्याला फोन केला तरी जोधपूरहून गाडी यायला तीन तास सहज जातात. तेवढ्यात पाडसाला दूध पाजावं का? जखम कशाने धुवावी? आणि एकटंच बसलेलं पाडस दिसलं तर उचलावं का? साईटवरच्या पोरांना नेमकं सांगायचंय.

गुरांचा_डॉक्टर
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जखम नसेल, माश्या घोंगावत नसतील, पाडस ओरडत नसेल तर हात लावू नका. चिंकाऱ्याची मादी पिलाला झुडपात दडवून चरायला जाते आणि दिवसातून मोजक्या वेळाच पाजायला येते. दीड-दोनशे मीटरवरून दुर्बिणीने बघा. जवळ माणसं दिसली तर ती येणारच नाही. "अनाथ" म्हणून उचललेली कितीतरी पाडसं अनाथ नसतातच.

कुत्र्यांनी धरलेलं असेल तर जखमेइतकीच धास्ती पाडसाला मारते. पळापळ आणि भीतीने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. लघवी गडद तपकिरी झाली की समजायचं. वरकरणी ठीक दिसणारं जनावर दोन-चार दिवसांनीही मान टाकतं आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून आधी डोळ्यांवर मऊ कापड बांधा, नाक मोकळं ठेवा. पाय पोटाखाली दुमडून छातीवर बसवा, कुशीवर आडवं पाडू नका, पोट फुगतं. सावली, शांतता, आणि जवळ एकच माणूस. कुरवाळणं, फोटो, गप्पा बंद. अंग तापलं असेल तर पाय आणि पोट साध्या पाण्याने ओलं करून वारा घाला. बर्फ नको.

जखमेभोवतीचे केस कापा. एक लिटर सलाइनमध्ये १० मिली बीटाडिन मिसळा आणि २० मिलीच्या सिरिंजने आत धार मारा. दाताचं भोक बाहेरून बारीक दिसतं, आत मांस चेचलेलं असतं, म्हणून टाके घालून बंद करू नका. छातीच्या छिद्रातून हवा येत-जात असेल तर धुवायचं नाही, स्वच्छ ओलं कापड दाबून धरायचं.

खेजडीची_सावली
दुधाचं मी सांगते. त्या तीन तासांत दूध नकोच. पाडस गार पडलं असेल किंवा धक्क्यात असेल तर पचत नाही, आणि गिळता येत नसताना पाजलं तर थेट फुप्फुसात जातं. आधी ऊब किंवा गारवा देऊन अंग ताळ्यावर आणा. मान सावरून स्वतः चोखत असेल तरच कोमट ओआरएस, तेही २०-३० मिली.

मुक्काम लांबलाच तर वनखात्याला विचारून शेळीचं दूध ३८-३९ अंशांवर द्या. दोन किलोच्या पाडसाला दिवसाला २००-२४० मिली, पाच-सहा वेळांत विभागून. पाडस उभं किंवा छातीवर बसलेलं, मान किंचित वर. बाळासारखं मांडीवर उताणं कधीच नाही. निपलचं भोक मोठं करू नका. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलके पुसा, एरवी आई चाटते तेव्हाच लहान पाडसाला शी-शू होते. हगवण लागली तर दूध थांबवून ओआरएस.

लळा लावू नका. माणसाळलेला नर मोठा झाल्यावर माणसालाच शिंगं मारतो, आणि मोकळा सोडला तर कुत्र्यांनाही भीत नाही.

फलोदीकर
धन्यवाद ताई, डॉक्टर. वेदनेसाठी फर्स्टएड पेटीतलं काही चालेल?

गुरांचा_डॉक्टर
पेटीत बहुतेक डायक्लोफेनॅक असतं, ते अजिबात नको. गिधाडांसाठी ते विष आहे, म्हणून २००६ पासून जनावरांना द्यायला बंदी आहे. केटोप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक ही वेदनाशामकंही जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली. पाडस मेलं आणि उघड्यावर टाकलं तर औषध गिधाडांच्या पोटात जातं. बिकानेरच्या जोडबीडला, मेलेली गुरं टाकतात तिथे, गिधाडं शेकड्याने उतरतात. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक चालतं, पण डोस पशुवैद्यानेच ठरवायचा.

हातमोजे घालाच. जखमेवर कुत्र्याची लाळ असते. आपल्या हाताला खरचटलेलं असेल आणि लाळ लागली तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खेजडीची_सावली
चिंकारा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. ताब्यात घेतल्यापासून ४८ तासांत वनखातं किंवा पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. फोन केला असेल तर वेळ आणि अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेवा. आणि कुंपणाची सर्वात खालची तार काटेरीऐवजी साधी करून जमिनीपासून फूट-दीड फूट वर घ्या, चिंकारा खालून सरपटत निघतो.