चॅप्टर १३ चे दोन हप्ते राहिले, ट्रस्टीची नोटीस आलीये, प्लीज कोणीतरी सांगा

रानफूल:
नमस्कार, घाबरूनच लिहितेय. आमची इथे अमेरिकेत चॅप्टर १३ ची केस चालू आहे, म्हणजे दिवाळखोरीचा तो प्रकार ज्यात कोर्टाच्या प्लॅनप्रमाणे हप्त्याने कर्ज फेडायचं; ५ वर्षांचा प्लॅन, आता २३वा महिना. ट्रस्टीकडे (केसमधले हप्ते गोळा करून वाटणारा माणूस) महिन्याला ११५० डॉलर जातात, त्यातून घराच्या मॉर्गेजची (गृहकर्जाची) जुनी थकबाकी फिटतेय, थोडंफार क्रेडिट कार्डवाल्यांना जातं. चालू मॉर्गेज आम्ही वेगळं भरतो. मध्येच नवऱ्याचे कामाचे तास निम्म्यावर आले, त्यात गाडीचं ट्रान्समिशन गेलं, गाडीशिवाय कामावर जाणार कसं म्हणून आधी ते करून घेतलं आणि सलग २ हप्ते राहिले. काल पत्र आलं, ट्रस्टीने केस डिसमिस करायची मोशन टाकलीये, म्हणजे केस रद्द करा असा कोर्टाकडे अर्ज. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घर जाणार का आता? वकिलांना फोन करायची पण लाज वाटतेय, त्यांची फीसुद्धा प्लॅनमधूनच जातेय.

पाटीपेन्सिल:
ताई, आधी एक लक्षात घ्या, मोशन म्हणजे ऑर्डर नाही. केस अजून चालू आहे आणि स्टे (वसुली आणि घरजप्तीवरची स्थगिती) पण आहे. पत्रावर उत्तर द्यायची शेवटची तारीख किंवा हिअरिंगची तारीख असेल ती बघा, तुमच्या वतीने त्याच्या आत कोर्टात लेखी उत्तर जायलाच हवं, नाहीतर सुनावणी न होताच केस डिसमिस होऊ शकते. म्हणून वकिलांना आजच फोन करा, लाज कसली, हप्ते चुकणं त्यांना नवीन नाही. ट्रस्टी ऑफिसला विचारून किती बाकी दाखवतंय ते कळेल पण सल्ला ते देणार नाहीत.
तास परत वाढणार असतील तर रेग्युलर हप्त्यासोबत थोडं थोडं जास्त भरून बाकी फेडायची ऑफर देता येते, बऱ्याचदा ट्रस्टी मानतात. कमाईच कायमची कमी झाली असेल तर प्लॅन मॉडिफाय करायला अर्ज करायचा, आताच्या पे स्टबवरून (पगाराच्या स्लिपवरून) उत्पन्न-खर्चाचे कागद नव्याने द्यावे लागतात. फक्त हप्ता वाटेल तेवढा कमी होत नाही हं, कारण घर ठेवायचं तर त्याची थकबाकी प्लॅनच्या आत पूर्ण फिटायला लागते, कात्री लागते ती कार्डवाल्यांच्या वाट्याला. आणि तुमचा प्लॅन आधीच ५ वर्षांचा आहे म्हणजे मुदत वाढणार नाही, ३ वर्षांचा असता तर ती सोय होती.

सांजवेळ:
मी हेच पत्र ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलं होतं, उघडलंच नाही, आणि केस डिसमिस झाली. स्टे गेला, बँकेने फोरक्लोजर (घरजप्ती) परत सुरू केलं, कार्डवाल्यांचे फोन परत चालू. मग पुन्हा फाईल केलं, ३१३ डॉलर कोर्टाची फी परत, वकिलाचे वेगळे, आणि वर्षाच्या आत दुसरी केस म्हणून स्टे फक्त ३० दिवसांचा मिळाला, तेवढ्यात वकिलांनी जजपुढे उभं राहून परिस्थिती खरंच बदललीये हे दाखवलं तेव्हा तो पुढे चालू राहिला. ते ३० दिवस कसे काढले माझं मला माहीत. तुम्ही असं करू नका हो, कळकळीने सांगतेय.

दोनओळी:
चॅप्टर ७ मध्ये, म्हणजे हप्त्यांचा प्लॅन नसलेल्या दिवाळखोरीत, कन्व्हर्ट केलं तर? माझ्या मित्राने केलं होतं, मोकळा झाला.

पाटीपेन्सिल:
मित्राचं घर नसेल किंवा थकबाकी नसेल. चॅप्टर ७ मध्ये मॉर्गेजची थकबाकी हप्त्याहप्त्याने फेडायची सोयच नाही, घर सोडायची तयारी असेल तरच तो रस्ता. ताई, एक विचारायचं राहिलं, चालू मॉर्गेज वेळेवर जातंय ना?

रानफूल:
नाही हो. मागच्या महिन्याचं तेही राहिलंय, वर लिहायला धीर झाला नाही.

पाटीपेन्सिल:
मग हे वकिलांना सगळ्यात आधी सांगा, लपवू नका. त्यावरून बँक कोर्टात स्टे उठवायची मागणी करू शकते, म्हणजे ट्रस्टीशी जमलं तरी घर अडकेल. पुढचा पैसा कुठे आधी टाकायचा तेही त्यांनाच विचारून ठरवा. आणि मॉडिफाय झालं की हप्ता थेट पगारातून कापून घेता येतो का बघा, हातात पैसा आला की दुसरीकडे जातोच.

रानफूल:
आत्ताच फोन केला. अजिबात रागावले नाहीत, उद्या सकाळी १० ला बोलावलंय. पे स्टब आणि गाडीचं बिल काढून ठेवलंय, मॉर्गेजचं पण सांगितलं. सांजवेळ, तुमचं वाचून फोन उचलला.