मैदानावर सर्कस आलीये, शनिवारी कोण कोण?

सी-१०१ ताई: शनिवारी संध्याकाळच्या खेळाला कोण कोण येतंय? मुलांसकट आकडा टाका, एकदम तिकिटं काढते.

ए-२०४ मामी: वाघ-सिंह असतात का हो अजून?

बी-३०२ दादा: छे! १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड सगळ्यांचे खेळ बंद. २००१ ला सुप्रीम कोर्टानंही ती बंदी कायम ठेवली.

ए-५०३: मग उरलं काय? नाहीतरी इंग्रजांचंच खूळ ते 😄

नाना: अरे, सांगलीकडच्या माणसासमोर असलं बोलू नये. विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, नोकरी कुरुंदवाडकरांच्या पागेत. कियारिनी म्हणून एक इटालियन सर्कसवाला मुंबईत आला होता. "तुम्हा लोकांना हे एवढ्यात जमायचं नाही," असं तो म्हणाला म्हणतात. पंतांना झोंबलं. २० मार्च १८८० ला 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ!

मामी: घरचीच सर्कस होती का?

नाना: घरचीच. पुढे भाऊ काशिनाथपंतांनी सांभाळली. म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची सर्कस, सगळं आमच्याच पट्ट्यातलं. पुण्याचे दामू धोत्रे पोरवयात मामाच्या सर्कशीत शिरले आणि १९४० मध्ये अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या तंबूत बिबटे खेळवत होते.

दादा: पण सर्कसवाले म्हटलं की केरळचेच ना?

नाना: तेही पंतांमुळेच. सर्कस तलश्शेरीला गेली, तिथं कीलेरी कुन्हिकण्णन या कसरतीच्या मास्तरांशी गाठ पडली. पंतांनी त्यांना सर्कशीसाठी माणसं तयार करायला सांगितलं. १९०१ मध्ये मास्तरांनी सर्कशीची शाळाच काढली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पंत ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकलेले. गुरूंचा मुलगा रहिमत खाँ नशापाण्यात वाया चाललेला. त्याला पंतांनी उचलून आणलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं, गायला बसवलं. पंतांमागे काशिनाथपंतांनी शेवटपर्यंत बघितलं. खाँसाहेब १९२२ ला कुरुंदवाडातच गेले. घोड्यांच्या कमाईवर ग्वाल्हेरचं गाणं जगलं, बोला!

ए-५०३: नाना 🙏 माझे तीन धरा. पोरगं विदूषकासाठी हटून बसलंय.

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. आणि सर्कशीला आलेल्यांच्या गाड्या आपल्या गेटसमोर नकोत, वॉचमनला सांगितलंय. माझी दोन तिकिटं.

ताई: नाना, तुमचं धरू? पहिली रांग?

नाना: धर, पण मागची. पुढं बसून झुला बघताना मान मोडते.