मदत हवी आहे: स्पेनचा माफी कायदा आणि नवा स्मृती कायदा

एम.ए.च्या निबंधासाठी हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीच्या स्मृतीवरून स्पेनमध्ये चाललेल्या वादावर लिहितेय. घटनाक्रम जुळवून झालाय: १९७७चा माफी कायदा (राजवटीतल्या राजकीय गुन्ह्यांना, अधिकाऱ्यांनी केलेल्यांनाही, माफी देणारा), २००७चा ऐतिहासिक स्मृती कायदा, २०१९मध्ये फ्रँकोचे अवशेष स्मारकातून हलवणं, २०२२चा लोकशाही स्मृती कायदा. (विकिपीडिया सुचवू नका, सुरुवात तिथूनच केली.) गाडी अडलीय ती पुढे. माफी कायद्याचा अर्थ आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून लावावा, असं २०२२चा कायदा सांगतो, पण तो रद्द मात्र करत नाही! सोयीस्कर मधला मार्गच म्हणायचा. स्पॅनिश येत नाही आणि निकालपत्रांचं यांत्रिक भाषांतर डोक्यावरून जातं. २०२२नंतर राजवटीतल्या छळाच्या फौजदारी तक्रारींवर तिथल्या न्यायालयांनी काय भूमिका घेतली, याचं इंग्रजीतलं विश्वासार्ह विवेचन कुठे मिळेल?