बरगड्यांचा पिंजरा वरच्या पाठीच्या कण्याला नक्की कसा धरून ठेवतो?

आयर्विन_पूल (सांगली)

नमस्कार मंडळी. तालमीतली पोरं आणि मार्केट यार्डातले हमाल यांच्यासाठी पाठीच्या कण्याचा एक मोठा तक्ता तयार करतोय. मान आणि कंबर झाली, वरच्या पाठीपाशी अडलंय. जिथे बघावं तिथे एकच वाक्य सापडतं, "छातीच्या पिंजऱ्यामुळे हा भाग स्थिर असतो." पण बरगड्या तर प्रत्येक श्वासाला हलतात. जे स्वतःच हलतं ते दुसऱ्याला स्थिर कसं करणार? बरगडी मणक्याला नेमकी किती ठिकाणी धरलेली असते? पिंजऱ्यामुळे कण्याची ताकद किती वाढते, याचा कुणी मोजलेला आकडा आहे का? आणि हळदीचं ५० किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्याला मधल्या पाठीपेक्षा पिंजऱ्याच्या खालच्या कडेला आणि कमरेत जास्त जपायला का सांगतात? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं.

किल्लाभाग_मिरज

दादा, बरगडी हलते खरी, पण कुठल्या दिशेला हलते ते बघा. दार बिजागरीवर उघडतं-मिटतं म्हणून चौकट हलत नाही. इथेही तसंच आहे.

पाठीचे मणके १२ आणि बरगड्यांच्या जोड्या १२. आपल्याकडच्या एमआरआय रिपोर्टवर त्यांना डी१ ते डी१२ म्हणतात, पुस्तकात टी१ ते टी१२. मणके तेच, तक्त्यावर दोन्ही लिहा म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर कुणी गोंधळणार नाही. आता पाचवी बरगडी घ्या. तिचं मागचं टोक, म्हणजे डोकं, एकट्या डी५ वर टेकत नाही. डी४ ची खालची कड, डी५ ची वरची कड आणि मधली गादी, या तिघांवर मिळून ते बसतं. डोक्यातून एक आखूड अस्थिबंध सरळ त्या गादीत शिरतो, बाहेरून दुसरा पंख्यासारखा पसरून दोन्ही मणक्यांना धरतो. दोन विटांचा सांधा कडेनं पट्टी मारून बांधावा, तसा प्रकार. दुसरी ते नववी बरगडी साधारण अशीच. पहिली, अकरावी, बारावी मात्र एकाच मणक्यावर असतात. दहावीचं माणसागणिक बदलतं.

डोक्यापासून साधारण अडीच सेंटीमीटर मागे बरगडीवर एक उंचवटा असतो. तो मणक्याच्या आडव्या फाट्याच्या टोकाशी दुसरा सांधा करतो. हा सांधा पहिल्या दहा बरगड्यांनाच आहे. खरी गंमत इथे आहे. दोन ठिकाणी धरलेली पट्टी एकाच रेषेभोवती फिरू शकते, त्या दोन सांध्यांतून जाणाऱ्या रेषेभोवती. श्वास चालतो तो या एका दिशेवर, बाकीच्या दिशांना बरगडी अडते. वरच्या बरगड्यांत ही रेषा बरीचशी आडवी असते, त्यामुळे छाती हापशाच्या दांड्यासारखी पुढे-वर उचलली जाते. खालच्यांत ती मागे तिरकी होते, म्हणून बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उघडतात.

समोर १ ते ७ बरगड्या आपापल्या कूर्चेनं छातीच्या मधल्या हाडाला, म्हणजे उरोस्थीला जोडलेल्या. ८, ९, १० या वरच्या बरगडीच्या कूर्चेला लागतात. ११ आणि १२ पुढून मोकळ्या. बुरडाची पाटी डोळ्यांपुढे आणा. सुटी कामटी दोन बोटांनी वाकते. त्याच कामट्या विणून काठ बांधला की पाटीतून ओली माती उचलता येते. काठ सुटला की कामट्या फाकायला लागतात. उरोस्थी हा तो काठ. एक मणका दुसऱ्यावर कलायचा तर त्याच्या बरगडीचं पुढचं टोकही सरकायला हवं, आणि ते टोक काठात अडकलेलं आहे. उजवीकडे झुकलं की उजव्या बरगड्या दाटतात, डाव्या फाकतात, मधले स्नायू आणि कूर्चा ताणून विरोध करतात. वळताना एका बाजूच्या बरगड्या मागे आणि दुसऱ्या पुढे जाऊ पाहतात, त्यांना उरोस्थी एकमेकींशी बांधून ठेवते.

शिवाय इथली गादीही पातळ, मणक्याच्या उंचीच्या साधारण एक पंचमांश. कमरेत ती एक तृतीयांश असते. मागचे काटे तर कौलांसारखे खाली उतरत एकावर एक येतात, त्यामुळे मागे वाकायला जागाच कमी.

अजिंक्यतारा (सातारा)

आकड्यांचं मी सांगतो. आधी १९६१ चं लुकास आणि ब्रेस्लर यांचं काम. स्नायू काढून टाकलेला, नुसत्या हाडांचा आणि अस्थिबंधांचा कणा खाली घट्ट धरून वरून दाबला, तर साधारण २ किलो भारालाच तो कडेला ढळतो. नुसता कणा इतका दुबळा असतो, हे लोकांना खरंच वाटत नाही.

१९७४ मध्ये अँड्रियाची आणि सहकाऱ्यांनी कणा आणि पिंजरा यांचं गणिती मॉडेल केलं. पिंजरा जोडल्यावर उभ्या भाराखाली ढळायची मर्यादा जवळजवळ चौपट झाली. वाकवायला होणारा विरोध पुढे झुकताना २७ टक्के, कडेला ४५, पिळताना ३१ आणि मागे वाकताना तब्बल १३२ टक्क्यांनी वाढला. त्याच मॉडेलमध्ये एखाद-दोन बरगड्या काढल्या तर फारसा फरक पडला नाही, पण अख्खी उरोस्थी काढली तेव्हा पिंजऱ्याचा फायदा जवळपास संपला. वर किल्लाभाग यांनी दिलेला पाटीच्या काठाचा दाखला याला अगदी नेमका बसतो.

२००५ मध्ये वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या छातीवर प्रत्यक्ष मोजमाप केलं. पिंजऱ्यामुळे पुढे-मागे वाकण्यात ४० टक्के, कडेला ३५ आणि पिळात ३१ टक्के जास्त स्थिरता मिळाली. दोन्हींचे आकडे जुळत नाहीत म्हणून बिचकू नका, एक गणित आहे आणि दुसरं प्रत्यक्ष चाचणी. पिळाचा आकडा मात्र दोन्हीकडे ३१ आहे.

पण तक्त्यावर "बरगड्या भार पेलतात" असं मोघम लिहू नका. २ किलोचे चौपट केले तरी ८ च होतात, आणि हमालाच्या पाठीवर ५० आहेत. उरलेलं काम स्नायूंचं. पिंजरा त्यांना लांबचा दांडा देतो. पाठीचे उभे स्नायू मणक्याच्या काट्यांना तर धरतातच, पण त्यांचा बाहेरचा पट्टा बरगडीच्या कोनाला, मध्यरेषेपासून तीन-चार बोटांवर धरतो. तंबूचा ताणा खांबाला चिकटून बांधला तर काय उपयोग, तो लांब नेऊन ठोकावा लागतो. पोटाचे स्नायूही खालच्या बरगड्यांना लागतात आणि अख्खा पिंजरा ओटीपोटाच्या हाडांशी बांधून ठेवतात.

आयर्विन_पूल (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. उरोस्थी गेली तर फायदा संपतो म्हणता, मग अपघातात छातीचं हाड मोडलं तर पाठीलाही धोका समजायचा का? ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात बघता हे तक्त्यात हवंच. आणि खालच्या कडेचं राहिलं.

कोयनाकाठ (कराड)

धोका समजायचाच. कण्याची स्थिरता मोजायला डेनिस यांनी १९८३ मध्ये तीन खांबांची कल्पना मांडली: मणक्याचा पुढचा भाग, मधला भाग आणि मागची कमान. १९९३ मध्ये बर्ग यांनी छातीपुरता चौथा खांब सुचवला, तो म्हणजे उरोस्थी आणि बरगड्या. वर उल्लेखलेल्या २००५ च्या चाचणीत उरोस्थी मोडल्यावर स्थिरता पुढे-मागे ४२ टक्के, कडेला २२ आणि पिळात १५ टक्क्यांनी घटली.

म्हणून स्टिअरिंग छातीवर आपटलं असेल, छातीचं मधलं हाड दाबल्यावर कळ येत असेल आणि त्याच वेळी दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये पाठ दुखत असेल, तर कणा मोडलाय असंच धरून चाला. जखमीला बसवून पाणी पाजू नका, बखोटीला धरून उभं करू नका. १०८ ला फोन करा. जागेवरून हलवायलाच लागलं तर किमान चौघं हवेत. एकजण डोकं-मान दोन्ही हातांनी धरेल आणि तोच "एक, दोन, तीन" म्हणेल. तिघं खांदा, कंबर आणि पाय धरून ओंडका फिरवावा तसं सगळं अंग एकदम वळवतील. मग फळी सरकवायची. इथे कण्याची नळी अरुंद असते, मज्जारज्जूभोवती मोकळी जागा थोडी. त्यामुळे मणका थोडा सरकला तरी पाय जाऊ शकतात. साध्या एक्स-रेत डी१ ते डी४ खांद्यांच्या आड लपतात, तिथलं फ्रॅक्चर सुटू शकतं. अशा माणसाला सीटी स्कॅन लागतोच.

आता खालची कड. डी१० पर्यंत पाटी बांधलेली, डी११-डी१२ च्या बरगड्या मोकळ्या, त्याखाली बरगडीच नाही. ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो तिथे वाकण्याचा सगळा ताण गोळा होतो. खोऱ्याचा दांडा मोडतो तो बहुधा लोखंडाच्या तोंडाशी, त्यामागचं कारण हेच. त्यात डी१२ च्या आसपास मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांची दिशाही बदलते. वरचे सांधे पिळू देतात, एका बाजूला एकूण ३०-३५ अंश. कमरेचे अडवतात, पाचही मणक्यांत मिळून ५ ते १० अंश. म्हणून उंचावरून पडलेल्यांची फ्रॅक्चरं डी११ ते एल२ (कमरेचा दुसरा मणका) मध्ये फार दिसतात.

पोत्याचं गणित असं. ५० किलोचा मध्य कण्यापासून २० सेंटीमीटरवर असेल तर, पाठीचे स्नायू कण्यामागे जेमतेम ५ सेंटीमीटरवर असल्यानं, त्यांना साधारण २०० किलोंची ओढ लावावी लागते. तेच ४० सेंटीमीटरवर गेलं की ४०० किलो. पोतं अंगाला चिकटलेलं हवं ते एवढ्यासाठी. आणि थप्पीवर टाकताना पाय जागेवर ठेवून कमरेतून पिळायचं नाही. पिळायची सोय वर आहे, पण भाराखाली पिंजरा ताठ झालेला असतो आणि सगळा पीळ या कडेवर येतो. आधी पाऊल वळवा, मग पोतं सोडा.

हरिपूर_रोड

वरच्या पाठीचा कडकपणा सोडवायला तालमीत फोम रोलर मानेपासून कमरेपर्यंत फिरवला तर चालेल ना?

किल्लाभाग_मिरज

कमरेपर्यंत नको. खालच्या कडेला मुळातच लवचीकपणा जास्त आहे, तिथे रोलर घातला की तोच भाग वाकतो आणि वरचा कडकच राहतो. चुकतं ते बरोबर इथे.

जागा हातानं शोधा. मान झुकवल्यावर सगळ्यांत वर आलेला काटा बहुतेक सी७, म्हणजे मानेच्या सातव्या मणक्याचा. हात खाली सोडून फऱ्याचं खालचं टोक चाचपा, त्या रेषेत डी७ चा काटा येतो. काम या दोहोंच्या मधे करायचं. जाडसर पंचा घट्ट गुंडाळून ८ ते १० सेंटीमीटरची वळकटी करा, फऱ्यांच्या खालच्या टोकांच्या रेषेत आडवी ठेवा. गुडघे वाकवलेले, पाय जमिनीवर, बोटं मानेमागे गुंफलेली. एक हात आधी खालच्या बरगड्यांवर ठेवून बघा: मागे जाताना त्या वर फाकल्या तर वाकणं कमरेतून चाललंय. तोंडानं सावकाश पूर्ण श्वास सोडा, बरगड्या खाली बसू द्या, मग डोकं-खांदे मागे. ५-६ श्वास झाले की वळकटी दोन बोटं वर. अशा तीन जागा पुरतात. पिळासाठी कुशीवर झोपून, मांड्या काटकोनात घेऊन, वरचा हात मागे उघडायचा, बाजूला ८ ते १० वेळा, गुडघे जमिनीवरून न उचलता.

हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कांना आडवी वळकटी देऊ नका.

छातीही मोजून ठेवा. चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीवर टेप, पूर्ण श्वास सोडून एकदा आणि पूर्ण घेऊन एकदा. जवान पोरात फरक ५ सेंटीमीटरच्या आसपास येतो. अडीचच्या आत असेल आणि पहाटे पाठ आखडून, हालचाल केल्यावर सुटत असेल तर ते तालमीचं काम नाही, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. मधल्या पाठीची रात्रीची कळ, संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा क्षय तपासून घ्या, तो छातीच्या खालच्या मणक्यांना बऱ्याचदा धरतो. पायात बधिरपणा किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना.

आयर्विन_पूल (सांगली)

हे सगळं घेतो. शेवटचं एक, चित्रात बरगड्या आडव्या कड्यांसारख्या काढल्यात, चालतील का?

अजिंक्यतारा (सातारा)

नाही, बदला. बरगडी मागून पुढे उतरत येते. गळ्याखाली बोट फिरवलं की उरोस्थीवर एक आडवी उंच कड लागते, तिच्या बाजूला दुसरी बरगडी जोडलेली असते. ही कड मागे डी४-डी५ च्या मधल्या गादीच्या समोर येते. म्हणजे डी१-डी२ पाशी सुरू झालेली बरगडी पुढे येईपर्यंत सुमारे तीन मणके उतरली. हा उतार दाखवला नाही तर श्वास घेताना छाती पुढे का येते, ते चित्रातून कळणारच नाही. आणि अकरावी-बारावी पुढून जोडू नका, त्यांची टोकं कुशीतच संपवा.